कडेवरचं भावंड आणि इयत्तांची शाळा

(जव्हार येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय ऐकायला अगदी घरगुती वाटेल. एका घरात तीन मुले आहेत. एक चार वर्षांचे, एक आठ, एक बारा. त्यांना घरी किंवा घराजवळ शिकवायचे आहे. कोणाला काय शिकवायचे? तिघांना तीन पुस्तके, तीन वेळापत्रके, की काही वेगळे? शहरातले काही पालक अलीकडे हा प्रश्न ‘होमस्कूलिंग’ या नावाने विचारतात. मोखाड्याच्या पाड्यावर दोनशिक्षकी शाळा चालवणाऱ्या गुरुजींना तोच प्रश्न रोज सकाळी पडतो, फक्त त्यांच्यासमोर तीनऐवजी तीस मुले असतात. आणि मुलांना दिवसभर घरात एकटे सोडून मजुरीला जाणाऱ्या आईला तो पडतो तेव्हा त्याला कुणी ‘अभ्यासक्रम’ म्हणतसुद्धा नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. त्या विषयाची एक खोड असते. कुणी प्रश्न विचारला की उत्तराआधी आम्ही बघतो, हा प्रश्न आला कुठून? आज आम्ही तेच करणार आहोत. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी चुकामूक झाली म्हणायला नको. वयानुसार मुले वेगळी करून प्रत्येकाला वेगळा अभ्यासक्रम देणे, ही शिक्षणाची नैसर्गिक रीत नाही. ती एका विशिष्ट काळातली कारभाराची सोय आहे. आणि ती सोय जिथे मोडून पडली, तिथे दुसरी रीत उभी राहिली. ती आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायांनी उभी केली.

इयत्ता म्हणजे ‘इतकेपणा’

आधी शब्दापासून सुरुवात करू. ‘इयत्ता’ हा मूळ संस्कृत शब्द. ‘इयत्’ म्हणजे इतके. इयत्ता म्हणजे इतकेपणा, मोजमाप. म्हणजे शब्दातच माप आहे. प्रश्न असा की हे माप कुणाच्या सोयीसाठी घेतले गेले?

इंग्रजी अमलाआधी आपल्याकडे पंतोजीच्या शाळा होत्या. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात. सहा वर्षांचा आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच सतरंजीवर. एकाची धूळपाटीवर मुळाक्षरे चालली आहेत, दुसऱ्याची पावकी-निमकी, तिसरा मोडी पत्रे वाचतोय. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परवचा म्हणायचा. लहान मुलगा न शिकवता निम्मे पाढे ऐकूनच उचलायचा. मोठा मुलगा लहानाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचा. या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुली, अस्पृश्य मानलेल्या जाती आणि डोंगरातले आदिवासी यांना दार बंद होते. पण वयाच्या नावाने भिंती नव्हत्या.

गंमत अशी, की मोठ्याने लहानाला शिकवण्याची ही रीत इंग्लंडनेसुद्धा आपल्याकडून उचलली. अँड्र्यू बेल हे पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथालयात मुलांची शाळा बघत होते. वाळूत बोटाने अक्षरे काढणारी देशी शाळेतली मुले त्यांनी पाहिली आणि तोच प्रयोग आपल्या शाळेत केला. १७९७ साली त्यांनी त्यावर लंडनमध्ये पुस्तिका छापली. पुढे ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडभर गाजली.

मग इयत्ता आल्या कधी? १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले. मेजर कँडींच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, तिसरे पुस्तक. शाळा तपासायला डिपोटी येऊ लागले. अनुदानासाठी ‘निकालावर पैसे’ ही पद्धत आली, म्हणजे कोणत्या इयत्तेची किती मुले पास झाली, त्यावर शाळेची रक्कम. आता जरा खात्याच्या जागी उभे राहून बघा. शेकडो मैलांवरच्या शाळेत काय चालले आहे, हे मुंबईतल्या कचेरीला कळायचे कसे? मुले मोजता आली पाहिजेत. मोजायची तर ती एकसारख्या ढिगांत लावली पाहिजेत. इयत्ता हा तो ढीग. कारभार म्हणून यात वाईट काही नव्हते. पुढे मात्र आपण विसरलो, की ही सोय आपण केली होती. मूलच असे घडलेले असते, असे आपल्याला वाटू लागले.

याच काळात एका माणसाने वेगळा प्रश्न विचारला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी आपल्याला ठाऊक असते. पण अभ्यासक्रमाबद्दल ते काय म्हणाले ते फार कमी वाचले जाते. मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य, अशी त्यांची यादी होती. आणि खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण व्यवहाराला ते कमी उपयोगाचे असता कामा नयेत, हे त्यांनी बजावून सांगितले. विषय कमी, दर्जा तोच. हे वाक्य मनात ठेवा, शेवटी ते लागणार आहे.

एमिलला भावंड नव्हतं

आता थोडे आमच्या विषयाकडे वळतो. वयानुसार शिक्षणाची आखणी करणारा पहिला मोठा तत्त्वज्ञ प्लेटो. ‘रिपब्लिक’मध्ये त्याने जवळजवळ वेळापत्रकच दिले आहे. आधी संगीत आणि व्यायाम, विसाव्या वर्षापासून दहा वर्षे गणित, तिशीत तर्कविचार, पन्नाशीनंतर राज्यकारभार. पण हे राज्यकर्ते घडवण्यासाठी होते, आणि त्या मुलांना प्लेटोने आधीच घरातून उचललेले होते. तिथे कुटुंबच नव्हते.

दुसरा रूसो. १७६२ साली त्याचा ‘एमिल’ आला. आधुनिक बालशिक्षणाची गंगोत्री म्हणा हवे तर. पाच भागांत एमिलचे वय वाढत जाते आणि प्रत्येक वयाला काय द्यावे, काय देऊ नये, हे रूसो सांगतो. बाराव्या वर्षापर्यंत पुस्तक नको, निसर्ग शिकवेल, वगैरे. आमच्या वर्गात आम्ही हे पुस्तक किती तरी वर्षे शिकवले. त्यात एक गोष्ट डोळ्यांसमोर असून लक्षात येत नाही. एमिल अनाथ आहे, श्रीमंत आहे, आणि एकटा आहे. एक मूल, एक शिक्षक. त्याला धाकटी बहीण नाही. त्याच्या कडेवर कुणी नाही.

पुढची दीडशे वर्षे ‘वयानुरूप अभ्यासक्रम’ म्हणून जे काही लिहिले गेले, त्यात मनातला नमुना हाच राहिला, भावंड नसलेले मूल. आणि आपल्याकडच्या पाड्यावर अगदी उलटे चित्र असते. सात-आठ वर्षांची मुलगी, कडेवर दीड वर्षाचा भाऊ, हात धरून चालणारी चार वर्षांची बहीण, आणि दहा वर्षांचा भाऊ गुरांमागे. यांच्यापैकी एकालाच शाळेत बोलावणे म्हणजे सगळ्यांनाच न बोलावणे. कारण ती मुलगी कडेवरचे खाली ठेवणार कुठे?

घराकडे असतं तेच घर शिकवतं

घरी शिकवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. सर्वांना माहीत असलेले एक उदाहरण घेऊ. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लोकांचा विरोध झाला, तेव्हा ते पश्चिम घाटात गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर हिंडले. तोवर वडील वृद्ध झाले होते, म्हणून लहान रमेला आईने शिकवले, पहाटे उठवून, घरकाम सुरू व्हायच्या आधी. इयत्ता नाही, शाळा नाही, मोठी भावंडे तेच पाठ करताहेत, धाकटी ऐकते आहे. त्यातून १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली बाई तयार झाली.

यातून काय घ्यायचे? घर स्वतःकडे जे असते ते उत्तम शिकवते. डोंगऱ्यांच्या घरात पुराणे होती. त्या घरात गणित नव्हते, इंग्रजी नव्हते; ते रमाबाईंना पुढे बाहेरून मिळवावे लागले. म्हणजे घरचा अभ्यासक्रम नेहमी खोल असतो आणि नेहमी अपुरा असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

आता जव्हार-मोखाड्याच्या घरात काय असते ते बघा. गुरांमागे जाणाऱ्या पोराला प्रत्येक जनावर, प्रत्येक पाणवठा, कोणते गवत कधी येते हे ठाऊक असते. राब भाजण्यापासून आवणीपर्यंत आणि खळ्यापासून कणगीपर्यंत नाचणी-वरईचा सगळा व्यवहार मुले अंगाखाली घालतात. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, धवलेरी गाते, आणि पोरी शेजारी बसून बघत शिकतात. आपल्याकडचा बोहाडा घ्या. मुखवटे, सोंगे, वाद्ये, रात्रभर जागणारे गाव. त्यात आजोबा आहेत, बाप आहे, मशालीच्या उजेडात डोळे ताणून बसलेले पाच वर्षांचे पोर आहे. कुठेही इयत्ता नाही आणि शिकणे चालूच आहे.

पण हेही अपुरे आहे. वजनकाट्यावरचा आकडा, मुकादमाने लिहिलेला उचलीचा हिशेब, सातबारा, वनहक्काचा दावा, हे घरच्या अभ्यासक्रमात येत नाही. आणि त्याची किंमत या भागाने फार मोजली आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ ही काही दंतकथा नव्हे. अक्षर न येण्याचा तो बाजारभाव होता.

बोर्डी ते कोसबाड

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

ताराबाई मोडक, जन्म १८९२, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. गिजुभाईंनी १९२० साली तिथे बालमंदिर सुरू केले होते. माँटेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी भारतीय अंगणात आणले. स्वतः मारिया माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधल्या कामगारवस्तीत निघाले होते, आणि तिथे तीन ते सहा वर्षांची मुले जाणीवपूर्वक एकत्र ठेवली होती. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. नंतर ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. सगळे छान चालले होते. पण साधने महाग, शाळा शहरात, मुले मध्यमवर्गाची. हेच खेड्यातल्या गरिबाच्या मुलासाठी का नाही, हा गांधीजींचा आग्रह होता आणि ताराबाईंच्या मनातही तेच घोळत होते.

१९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांना सहकारी मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. बालपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, शिक्षिकेची नोकरी, रात्रशाळेतून मॅट्रिक. हे वर्षही ध्यानात घ्या. १९४५ सालीच याच पट्ट्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये त्याची हकिगत लिहिली. मोठी माणसे वेठीतून सुटत होती, आणि त्याच सुमारास काही मैलांवर त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार सुरू होत होता. या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या मानत नाही. ज्याचा बाप वेठीला जातो, त्याचे बालपण आधीच विकलेले असते.

बोर्डीत पहिली अडचण आली. एक चांगली मध्यवर्ती बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली त्यातली बरीच मुले तिथे येईनात. तेव्हा बालवाडी त्यांच्या वस्तीत गेली. झाडाखाली, घरापुढच्या अंगणात. तिचे नाव पडले अंगणवाडी. आज देशभर चालणारा हा शब्द असा आपल्या भागातून गेला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. साधनेही बदलली. परदेशी लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, मातीची भांडी आली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खाऊ देणे हाही अभ्यासक्रमच झाला.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत आले. आणि इथे आपला आजचा प्रश्न नेमका समोर उभा राहिला. मुले का येत नाहीत? कारण मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते आणि मोठा मुलगा गुरे राखतो. आता यावर दोन उत्तरे शक्य होती. पहिले, आईबापांना समजावा, दरडावा, हजेरी सक्तीची करा. दुसरे, शाळेचा आकार बदला. त्यांनी दुसरे निवडले.

विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बहीण भावाला कडेवर घेऊनच शाळेत येणार. कडेवरचे पाळणाघरात, चार वर्षांचे बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. दुपारी तिघे मिळून घरी. एका घरातली सगळी वये एका आवारात मावली. हे दिसायला साधे आहे, पण विचार करा. इयत्तांच्या शाळेत धाकटा भाऊ ही अडचण असते. विकासवाडीत तो विद्यार्थी झाला.

आणि जी मुले गुरांमागे होती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, शिक्षिकेने पिशवीतून साधने आणली आहेत. मोजायला खडे आहेत, लिहायला जमीन आहे, निसर्ग वेगळा शिकवावा लागत नाही. एखादे वासरू भरकटले की एक मुलगा उठून वळवून आणतो आणि परत बसतो. नऊ वर्षांचा आणि तेरा वर्षांचा एकत्र, कारण गुरे वयानुसार चरत नाहीत.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडलाच होत्या. पुढे १९८२ साली अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली आणि हा धागा आणखी पुढे नेला.

एक नाचणी, चार वये

या इतिहासातून अभ्यासक्रम निवडण्याची काय रीत निघते? आमच्या समजुतीप्रमाणे ती अशी. आधी वय घेऊन त्याचे पुस्तक शोधू नका. आधी सगळ्यांना पुरेल असा एक विषय घ्या आणि मग प्रत्येक वयाने त्यात किती खोल उतरायचे ते ठरवा.

नाचणी घ्या. चार वर्षांचे मूल नाचणी आणि वरईचे दाणे वेगळे करेल, पसाभर आणि मूठभर यातला फरक हाताने शिकेल, गाणे म्हणेल. आठ वर्षांचे मूल शेर, पायली, किलो यांचा मेळ घालेल, अवजारांची नावे आधी आपल्या बोलीत आणि मग मराठीत लिहील. बारा वर्षांचे मूल हिशेब मांडेल, बी किती, मजुरी किती, पीक किती, बाजारात भाव काय आणि घरात किती महिने पुरले. पंधरा वर्षांचे विचारेल, उतारावरची माती दरवर्षी वाहून का जाते? ही जमीन कुणाच्या नावावर आहे? २००६ चा वनहक्क कायदा काय सांगतो? आणि वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते, तर उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यावर टँकर का येतो? विषय एकच. एका घरात, एका अंगणात बसून चौघेही शिकू शकतात. आणि चार वर्षांचे मूल कान देऊन पंधरा वर्षांच्याचा प्रश्न ऐकत असते, हे विसरू नका. परवचा असाच पाठ व्हायचा.

मात्र दोन गोष्टी एकत्र शिकवता येत नाहीत. वाचायला शिकणे आणि अंकगणिताच्या पायऱ्या. त्या प्रत्येक मुलाच्या आपल्या असतात, आणि तिथे वयही बघायचे नाही, मूल कुठल्या पायरीवर उभे आहे ते बघायचे. दहा वर्षांच्या मुलाला अक्षर येत नसेल, तर अक्षरापासूनच सुरुवात. पण पुस्तक सहा वर्षांच्या पोराचे नको. बाळबोध चित्रांनी त्याचा अपमान होतो. त्याच्या अनुभवातली वाक्ये घ्यावी लागतात.

कायदा काय म्हणतो आणि पाडा काय म्हणतो

कुणी म्हणेल, हे सगळे प्रयोग झाले, सरकारी व्यवस्थेत काय? तर व्यवस्थेला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. त्या आयोगाने पहिल्या दोन इयत्ता, शक्य तर पहिल्या चार, एकच सलग गट मानाव्यात असे सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका सूत्रात. कोसबाडची पाळणाघर-बालवाडी-शाळा ही साखळी कागदावर यायला साठेक वर्षे लागली.

आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात काय आहे? पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर शिक्षक दोन. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, हे कायद्यानेच धरून चाललेले आहे. बहुवर्ग शाळा हा आपल्याकडे अपवाद नव्हे, नियम आहे. पण पुस्तके पाच, वेळापत्रके पाच, मूल्यमापन पाच. हात दोन देऊन पाच ताटे वाढायला सांगायचे आणि मग ‘गुरुजी शिकवत नाहीत’ म्हणायचे, हे काही न्यायाचे नाही.

दुसरे असे की पट कमी झाला की शाळाच बंद करण्याकडे कल जातो. २०१७ साली राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत सामावून घेण्याचा निर्णय झाला. कागदावर एखादा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण मध्ये ओढा आहे, जुलैचा पाऊस आहे, आणि मुलीच्या कडेवर भाऊ आहे. पाड्यावरची शाळा उठली की त्या घरातली तीनही वये एकदम शाळेबाहेर जातात, हे हजेरीपटावर दिसत नाही.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली किती घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, हे या सभागृहात आम्ही सांगायला नको. तिथे कुटुंब अख्खे जाते, सगळ्या वयांसकट. १९९० च्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, तेव्हा त्यांच्यासमोर पुन्हा तेच दृश्य होते, एका झोपडीतली सगळी वये एकत्र. कुरणशाळेची ती धाकटी बहीणच म्हणायची.

आता एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे म्हणून टाळत नाही. ‘नाचणी शिकवा, गुरे शिकवा, म्हणजे आदिवासी पोरांनी गुरेच राखायची का? शहरातली मुले संगणक शिकणार आणि आमची खडे मोजणार?’ असे विचारणारा तरुण याच भागातला असेल, तर त्याचा राग योग्य आहे. म्हणून फुल्यांचे वाक्य ध्यानात ठेवायला सांगितले होते. विषय जवळचा घ्यायचा, पण पोहोच कमी करायची नाही. ज्या अभ्यासक्रमातून मूल दहावीच्या गणितापर्यंत पोहोचत नाही, तो कितीही मातीचा असला तरी त्याची फसवणूक आहे. आणि ज्या अभ्यासक्रमात मुलाला आपले घर कुठेच भेटत नाही, त्यातून ते चौथीनंतर मुकाट्याने गळते. दोन्हींत मूल हरते. कोसबाडने दोन्ही टाळायची वाट दाखवली, सुरुवात अंगणात आणि पुढचा रस्ता बाहेर.

जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होते, मग ठाणे जिल्ह्यात आले, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. कचेऱ्यांचे पत्ते बदलले. कडेवरच्या भावंडाचा प्रश्न तिथेच आहे. तो सोडवायचा तर शाळेने मुलीला ‘एकटी ये’ असे सांगणे थांबवले पाहिजे.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: आम्ही नोकरीनिमित्त जव्हारला आहोत. पाच, नऊ आणि तेरा वर्षांच्या तीन मुलांना घरीच शिकवायचा विचार आहे. पुस्तके कोणती घ्यावीत?*

उत्तर: पुस्तके सगळ्यांत शेवटी निवडा. वर्षाचे सहा-सात विषय आधी ठरवा. पाऊस, धान्य, घर बांधणे, बाजार, आपल्या आजोबांचा काळ, असे. ते तिघांना एकत्र. वाचन आणि गणित रोज स्वतंत्र, थोडा वेळ पण नेमाने. त्यासाठी बालभारतीची पुस्तके चांगली आहेत आणि ती संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुस्तकावरचा इयत्तेचा आकडा बघू नका, मुलाला जमते ते घ्या. प्रमाणपत्राचा विचार मात्र आत्ताच करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत, पुढे दहावी-बारावीही आहे. नियम आणि वयाच्या अटी बदलतात, त्या प्रवेशाआधी तपासून घ्या. आणि शेजारच्या पाड्यावरची मुले तुमच्या अंगणात येऊ द्या. एमिलसारखी एकटी मुले वाढवू नका.

*प्रश्न: मोठ्या मुलीने लहानांना शिकवले तर तिचे नुकसान होत नाही का?*

उत्तर: दिवसभर तेच करायला लावले तर होते. तो अभ्यास नव्हे, राबवणे आहे, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा मुलीच्याच वाट्याला येते. दिवसातला अर्धा तास तिने धाकट्याला समजावून सांगितले, तर तिला स्वतःला किती कळले आहे ते तिलाच समजते. त्यानंतर तिचा स्वतःचा वेळ, तिचे स्वतःचे पुस्तक आणि कुणीही हाक मारणार नाही असा एक कोपरा हवा. अभ्यासक्रम निवडताना आधी तो कोपरा शोधा.